दारातला ‘येतो’

दार नुसतं लोटून घे, पोरी. कडी नको. तुझा हायरो यायचाय अजून. कोपऱ्यावरच्या दुकानात या वेळी त्याला काय मिळणार, वेफर आणि मेणबत्त्या. पण तुम्हा बंदरातल्या पोरांना रात्री काहीतरी चघळायला लागतंच. इकडे सरका दोघी, चुलीजवळ. पाओला, पोंचो नीट ओढून घे, इथली थंडी आधी कानात शिरते. हं, घ्या हे. दालचिनी जास्त आहे, दारू कमी. उद्या सकाळच्या गाडीनं कडा उतरायचाय तुम्हाला, डोकी जाग्यावर असलेली बरी.

तर इवोन, मघाशी हायरो दारात ‘येतो गं’ म्हणाला आणि तू फोनमधून मान वर न करता ‘ये’ म्हणालीस. बरं केलंस. तुझ्या लक्षात आलं नसेल, पण माझी बहीण सोइला तेवढ्यासाठी पळी हातात धरून चुलीपाशी थांबली होती. तू म्हणालीस, मग तिनं रस्सा ढवळायला घेतला. आता गेली ती झोपायला, म्हणून बोलतो. तिच्यासमोर हे बोलत नाही मी.

हसा, हसा. हायरो तर दुपारपासूनच हसतोय. गॅलरीत वाळत घातलेली गादी बघून मला विचारतो कसा, "काका, या वयात रात्री उठायला होत नाही का?" मीही हसलो. पाहुण्याच्या तोंडी कोण लागतंय. त्या गादीचंही सांगतो. पण आधी ‘येतो’चं सांगायला हवं.

रेल्वेवाल्यांच्या घरात ‘जातो’ म्हणत नाहीत. तुमच्याकडेही म्हणत नसतील म्हणा, पण तुमच्याकडे ती रीत आहे, आमच्याकडे भीती आहे. मी जन्मभर ब्रेकवाला होतो. डब्याच्या टपावर उभं राहायचं आणि लोखंडी चाक फिरवून ब्रेक आवळायचा. आमचा कडा उद्या बघालच. खेचराचा गुडघा म्हणतो आम्ही त्याला. इतका उभा आहे की गाडीला वळायला जागा नाही. म्हणून कड्यात रुळांच्या तीन पट्ट्या एकीखाली एक कोरल्यात. गाडी वरच्या पट्टीवरून सरळ टोकापर्यंत जाते, थांबते. सांधेवाला सांधा बदलतो. मग तीच गाडी शेपटाकडून, उलटी, मधल्या पट्टीवर उतरते. पुन्हा टोक, पुन्हा सांधा, आणि पुन्हा सरळ, खाली दरीतल्या स्टेशनात. उतरताना तुम्ही किंचाळाल आणि फोटो काढाल. सगळेच काढतात.

तो गुडघा फोडला तेव्हा किती माणसं गेली ते देव जाणे. काही याच डोंगरातली होती, काही समुद्रापलीकडून बोटीत घालून आणलेली. सुरुंग उडाला की दगडाबरोबर माणूस खाली, आणि वरून भराव. नाव नाही, गाव नाही. पण घरं त्यांनाही होती ना? तेही कुणाला तरी ‘येतो’ म्हणून निघाले होते. त्यांना ‘ये’ म्हणणारी तोंडं केव्हाच मातीत गेली. ते मात्र म्हणत राहतात. धुकं उतरलं की दारोदार म्हणत फिरतात. म्हणून जुने ब्रेकवाले आम्हाला सांगायचे, आपल्या घरातून कोण बाहेर पडतंय ते डोळ्यांनी बघा, मगच ‘ये’ म्हणा. एका ‘ये’ला एकच माणूस घरी येतो. ते भलत्याला दिलंत, तर तुमचा माणूस तिकडेच राहतो.

आम्ही तरुणपणी या गोष्टीची टर उडवायचो. उडवायचो, आणि पाळायचो पण.

सोइलाचा मुलगा क्लेवेर. एकुलता एक. नवरा तापानं गेला तेव्हा हे पोरगं मांडीवर होतं. धुणीभांडी करून वाढवला तिनं त्याला. मोठा झाल्यावर मी त्याला माझ्याच कामावर चिकटवला. टुरिस्टांच्या गाडीवर ब्रेकवाला. दिसायला उमदा होता, आणि तोंडानं महाफटकळ. मला म्हणायचा, "मामा, तू टपावर उभा राहिलास की लोकांना वाटतं सामान बांधलंय."

ही गोष्ट एक नोव्हेंबरच्या रात्रीची. शनिवार होता. दुसऱ्या दिवशी मेलेल्यांचा दिवस, सगळं गाव कबरस्तानात जाणार. घरोघर जांभळी पेज रटरटत होती आणि भट्टीतून पावाच्या बाहुल्या निघत होत्या. कड्याच्या खालच्या सांध्यापाशी एक दगडी क्रूस आहे, त्या बिननावाच्या माणसांसाठी. आदल्या संध्याकाळी रेल्वेच्या एका घरानं तिथे पेज आणि पाव ठेवून यायचं. दरवर्षी एका घराची पाळी. त्या वर्षी सोइलाची होती. क्लेवेर रुळावरून चालत जाऊन येणार होता. साधं काम. बरणी ठेवायची, पाव ठेवायचा, परत यायचं.

सोइला बरणीला फडकं बांधत होती. मी याच खुर्चीत बसून बटाटे सोलत होतो. आणि या शहाण्यानं नेमकी तीच वेळ काढली.

"आई, पुढल्या आठवड्यात निघतोय मी. उत्तरेला. सगळं ठरलंय."

"कुणाबरोबर?"

"आहे एक माणूस, सीमा पार करून देणारा. गावातल्या सगळ्यांना तोच नेतो."

"नेतो ना सगळ्यांना? आणतो का कुणाला?"

"मग इथे काय करू? टपावर उभा राहून माकडासारखे हात हलवत म्हातारा होऊ?"

"तुझा मामा झालाच की म्हातारा."

"तेच म्हणतोय मी."

मला हसू आलं. तिला नाही आलं. तिनं फडक्याची गाठ अशी आवळली, की बोटं पांढरी पडली. मग शब्दाला शब्द. तो म्हणाला, तू मला बांधून घातलंयस. ती म्हणाली, तुझ्यासाठी मी काय काय केलं. आईनं हे म्हटलं की पोरं ऐकत नाहीत. तोही ऐकेना. शेवटी तिनं बरणी त्याच्या छातीशी आदळली आणि म्हणाली,

"जा. जायचंय ना तुला? जा मग."

त्यानं बरणी धरली. दारात एक क्षण थांबला. मला वाटलं, आता हसेल आणि नेहमीचं म्हणेल.

"जातो," म्हणाला. आणि गेला.

मी बटाटा हातात धरून तसाच. सोइलाही तशीच उभी. थोड्या वेळानं मी म्हटलं, "अगं, पोरगं आहे. डोकं थंड झालं की येईल."

"म्हणाला नाही रे तो."

"कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरेल बघ. म्हणेल."

"म्हणाला नाही."

तिनं स्टूल ओढलं आणि दाराजवळ जाऊन बसली. मघाशी चुलीकडे सरकायच्या आधी पाओला बसली होती ना, तिथे. चुलीवर पेज करपत होती, मीच उठून उतरवली. तिचं लक्ष नव्हतं. तिचे कान दाराला लागले होते. अंधार पडला. धुकं चढत गल्लीत आलं. समोरच्या घराचा दिवा पिवळा झाला, मग दिसेनासा झाला. आणि मग दाराबाहेरून कुणीतरी म्हणालं,

"येतो."

हळू आवाज. थकल्यासारखा.

सोइला ताडकन उठली. रडत होती आणि हसत होती. मला म्हणाली, "बघ, फिरला की नाही?" आणि दाराला हात लावून, दार न उघडताच म्हणाली, "ये. ये रे राजा. लवकर ये."

तिला काय दोष देणार? तिचा माणूस तिनं डोळ्यांनी जाताना बघितला होता. त्याचं ‘येतो’ राहिलं होतं, ते ऐकायला ती दाराशी जीव टाकून बसली होती. दुसऱ्या कुठल्याही रात्री ती फसली नसती. मलाही तो क्लेवेरच वाटला. एवढंच खटकलं, की पावलं वाजली नाहीत. ना येताना, ना जाताना.

ती कपभर पेज ओतून घेऊन बसली. दोन घोट घेतले असतील. माझा फोन वाजला. क्लेवेर.

"मामा, क्रूसाशी पोचलो. ठेवलं सगळं. आई अजून तापलेली आहे का? निघतोय बघ मी आता."

घरापासून क्रूसापर्यंत तरणाताठा माणूस भरभर चालला तरी तासाच्या वर लागतो. मी विचारलं, "तू मघाशी परत आला होतास का? दारात?"

"मी? नाही. का रे?"

सोइला माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या हातातला कप खाली ठेवला गेला. दोघांनाही कळलं होतं.

दाराला बाहेरून कडी घातली आणि निघालो. चॅपलपुढच्या कठड्यापाशी गेलं की सगळा गुडघा समोर दिसतो. गावात हात दिसत नव्हता एवढं धुकं, कडा मात्र लख्ख मोकळा. आणि खाली, क्रूसाच्या बाजूनं, एक बारीक दिवा हलत होता. त्याची बॅटरी. मधल्या पट्टीवरून चढत होता बिचारा. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, हा काय, येतोय की.

दिवा टोकाला पोचला. तिथून वरच्या पट्टीला लागायचं. मी बघतोय. दिवा थांबला. वळला. आणि वर चढायच्या ऐवजी, आला तीच पट्टी धरून खाली निघाला.

फोन लावला. "क्लेवेर, कुठे आहेस?"

"वरच्या पट्टीला लागलो, मामा. आलोच."

"अरे, तू उलटा चाललायस. खाली."

"काय मामा, दालचिनीची दारू जास्त झाली का? चढ लागतोय मला. दम भरलाय."

त्याचा दम मला ऐकू येत होता. खरंच चढणाऱ्याचा दम होता तो. आणि दिवा उतरत होता. उतरत उतरत क्रूसापाशी गेला.

"मामा..." आवाज बदलला होता. "हा क्रूस इथे कसा?"

मी म्हटलं, "धुक्यात चुकलास. परत फिर. रूळ सोडू नको." धुकं नव्हतंच तिथे. पण दुसरं काय सांगणार होतो?

पुन्हा चढला. पुन्हा टोक. पुन्हा वळला. पुन्हा खाली. सोइला कठडा धरून उभी होती. तिसऱ्यांदा दिवा वळला तेव्हा मी सांधेवाल्या मेसियासला उठवायला धावलो. चांगला धीराचा माणूस. दोघं कंदील घेऊन रुळावरून सुटलो. माझे गुडघे तेव्हाही असेच दुखरे होते, पण त्या रात्री पळालो मी. वरची पट्टी संपली. टोक आलं. सांधा ओलांडून मधल्या पट्टीवर उतरलो. फोन कानालाच होता.

"मामा, दिसले. दिसले तुमचे दिवे."

"कुठे आहेस तू?"

"हा काय. समोर."

समोर रूळ होते. दोन रूळ, मधले स्लीपर. बाकी काही नाही. मेसियासनं कंदील वर धरला. मी हात पुढे केले, आंधळ्यासारखे. चालत राहिलो. हवा एके ठिकाणी... गार होती. एवढंच.

आणि फोनमध्ये तो म्हणाला,

"मामा... असे पुढे कुठे चाललात?"

मी मागे वळलो. काही नाही.

"मामा, थांबा ना. मी इथे आहे. मामा."

सोइलानं वरून बघितलं. तिनंच नंतर सांगितलं. आमचे दोन दिवे उतरत आले, त्याचा एक चढत आला. तिन्ही एके जागी आले. मग दोन खाली गेले. एक वर.

मी तिथेच बसकण मारली. इतका जवळ होता. हाताच्या अंतरावर होता... आणि मी काही करू शकत नव्हतो. टपावरून घसरणाऱ्या माणसाचं मनगट मी पकडलेलं आहे, पोरींनो. ते निदान हाताला लागतं.

फोन अजून चालू होता. मग म्हणाला, "मामा, फोनची बॅटरी संपत आली. आईला सांग. रागात म्हणालो मी. तिला सांग, येतो म्हणावं."

"ये," मी म्हटलं. "ये रे बाबा, ये." दरीत तोंड करून ओरडलो. मेसियासही ओरडला. वरून कठड्यावरून सोइलाचा आवाज आला. ये... ये... ये... घसा फाटेपर्यंत. त्या रात्री दरीभर तेच होतं. पण माझं ‘ये’ काय कामाचं? घर तिचं, दार तिचं. आणि तिचं ‘ये’... ते तिनं दिलेलं होतं.

फोन बंद पडला. दिवा त्यानंतरही दिसत होता म्हणे तिला. टोकापर्यंत. परत. टोकापर्यंत. परत. उजाडता उजाडता कधीतरी तो दिसेनासा झाला. विझला की उजेडात विरला, ते तिलाही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव कबरस्तान सोडून कड्यावर. पोलीस आले, दोऱ्या लावून दरीत उतरले. बूट नाही, बॅटरी नाही, कपड्याची चिंधी नाही. क्रूसापाशी बरणी होती, फडकं व्यवस्थित घडी करून ठेवलेलं. लोक म्हणाले, आईशी भांडला आणि ठरल्याआधीच पळाला उत्तरेला. म्हणू देत. म्हणणाऱ्याचं तोंड कोण धरणार? त्याचा पासपोर्ट त्या कपाटात आहे.

पण ते नंतरचं. त्या पहाटे मी सोइलाला धरून घरी आणलं. कडी जशीच्या तशी होती, मीच काढली. घर गार पडलं होतं. ती कुठेही न थांबता सरळ मागच्या खोलीत गेली. क्लेवेरची खोली. पाओला, तू विचारलंस ना दुपारी, मागच्या खोलीला कुलूप का? तीच.

शनिवारी सकाळी तिनं धुतलेली चादर घालून पलंग नीट केला होता. मी बघितला होता.

कुणीतरी निजून गेलं होतं त्यावर.

उशी दबलेली. पांघरूण भिंतीकडे लोटलेलं. मधे एका माणसाचा खळगा... आणि गादी चिंब. खालपर्यंत. खोलीत दुसरं काही ओलं नव्हतं. जमीन कोरडी, छत कोरडं. मी हात लावला आणि काढला. पहाटे रुळाला हात लावावा, तशी गार.

सोइला पलंगाजवळ गेली. मग तिनं एक बाजू उचलली आणि मला म्हणाली, "धर." आम्ही ती गॅलरीत नेऊन टाकली. संध्याकाळी पुन्हा आत अंथरली. मी खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात ठेवली. सकाळी उघडलं. चिंब.

तेव्हापासून रोज. गादी बदलून बघितली. पलंग बदलला. पाद्र्याला आणून पाणी शिंपडलं. मीही एकदा दाराशी रात्रभर जागा बसलो. आतून काही ऐकू आलं नाही. अगदी काही नाही.

शेवटी एकदा मी चिडलो. म्हटलं, "सोइला, तू बोलावलंस म्हणून तो आलाय. तूच त्याला सांग. जा म्हण. दाराशी उभी राहा आणि एकदा जा म्हण, म्हणजे ती जागा मोकळी होईल. मग आपल्या पोराला ये म्हण."

ती भाजी निवडत होती. मान वर केली नाही.

"माझ्या तोंडून एकदा जा गेलंय, ओल्मेदो," म्हणाली.

"ते रागातलं होतं. हे वेगळं."

"आत कोण निजतो, बघितलंयस तू?"

"नाही."

"मीही नाही. जा म्हणेन... आणि तो माझाच निघाला तर?"

त्या संध्याकाळी गादी आत न्यायला मीच तिला हाक मारली.

हं. पावलं ऐकलीत? ऐकू येतायत ना नीट, बुटांची? हायरोच आहे. घाबरू नको इवोन, तू बघून म्हणाली नव्हतीस, पण माणूस तुझाच आहे. ये रे, ये आत. वेफर आणलेस? मेणबत्तीही? शहाणा आहेस. नाही, नाही, बसू नको इतक्यात. या दोघींचे चेहरे कशानं पडलेत ते त्या सांगतील तुला. आधी माझ्याबरोबर गॅलरीत चल. दिवसभर ऊन होतं, तरी हात लावून बघ, मधे अजून ओलीच आहे. तू ती बाजू धर, मी ही धरतो. मागच्या खोलीत नेऊन अंथरू. त्याची निजायची वेळ झाली.

कुणाची ते विचारू नको.